माझ्या जागेतला लॅग कोणाचा?

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री मला शेजारणीचा निरोप आला. भाषा अगदी सभ्य होती. तुमचं घर फार सुंदर आहे, असं आधी लिहिलं होतं. मग लिहिलं होतं, की तुमची कबुतरं उडायला लागली की आमच्याकडचा फळा अडतो, आणि खुर्च्या माणसांना बसवून घेत नाहीत.

या शेजारणीला मी प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नाही. आमच्या जागा 'सेकंड लाइफ'मध्ये आहेत. 'लिंडन लॅब' या अमेरिकी कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेलं हे आभासी जग. खेळ म्हणावा तर त्यात जिंकायचं काही नाही. लोक तिथे जमीन घेतात, तिचे पैसे भरत राहतात आणि तिच्यावर हवं ते बांधतात. शेजारणीच्या प्लॉटवर दर शनिवारी वाचनाची बैठक भरते. फळ्यावर पान उलटत जातं, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. माझ्या प्लॉटवर आमचा जुन्या नाशकातला वाडा आहे. खरा वाडा आता नाही. एका पावसात त्याची मागची भिंत गेली, आणि उरलेला आम्हीच उतरवून घेतला.

नोकरीतून घरी आल्यावर रात्री जागून तो वाडा मी पुन्हा बांधला. ओसरी, चौक, कोनाडे, अंधारा जिना. बाबांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि म्हणाले, "कबुतरं कुठे गेली?" म्हणून मग कबुतरं आली. चाळीस.

शेजारणीचा निरोप वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी नियमात आहे. सेकंड लाइफमधली जमीन २५६ मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनांत विभागलेली असते. एका चौकोनाचं क्षेत्रफळ ६५,५३६ चौरस मीटर. माझा प्लॉट १,०२४ चौरस मीटरचा, म्हणजे बरोबर चौसष्टावा भाग. तेवढ्या जागेवर किती वस्तूंचा भार चालतो, त्याची मर्यादा ३५१ आहे. माझा वाडा कबुतरांसकट त्याच्या आत बसतो. जागा माझी, पैसे माझे, मर्यादा पाळलेली. मग तक्रार कसली?

पण मी इंजिनिअर आहे, आणि हा हिशेब कुठे खोटा पडतो ते मला ठाऊक होतं. वस्तूंची मोजणी प्लॉटवार होते. सर्व्हरच्या वेळेची वाटणी मात्र तशी होत नाही. चौकोनातल्या सगळ्यांसाठी एकच सर्व्हरप्रक्रिया चालते. ती सेकंदाला ४५ फेऱ्या करते, म्हणजे एका फेरीला साधारण २२ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात माणसांची हालचाल, वस्तूंच्या टकरी वगैरे आधी उरकायचं आणि राहिलेला वेळ स्क्रिप्टना द्यायचा. स्क्रिप्ट म्हणजे वस्तूला जिवंत करणारा प्रोग्राम. दार उघडतं, फळा पान उलटतो, कबुतर उडतं, ते स्क्रिप्टमुळे. वेळ पुरला नाही तर प्रत्येकाची पाळी उशिरा येते. माझं एकेक कबुतर दर अर्ध्या सेकंदाला विचारत होतं, 'जवळ कोणी आलं का?' चाळीस कबुतरं, सेकंदाला ऐंशी प्रश्न. त्या वेळात शेजारणीचा फळा पाळीची वाट बघत होता. जमिनीच्या चौसष्टाव्या भागाचा मालक वेळेचा त्याहून कितीतरी मोठा घास घेत होता, आणि तेही नियमात राहून.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं, की 'मी मर्यादा पाळली' हे वाक्य फक्त मोजल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल खरं असतं. आपण कुठेतरी एक आकडा लावतो आणि तो पाळला की मन मोकळं होतं. नुकसान मात्र बऱ्याचदा आकडा न लावलेल्या जागी होतं.

दुसरी गोष्ट त्याहून लाजवणारी होती. मला स्वतःला हा लॅग कधी जाणवलाच नव्हता. माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड लावलेला चांगला संगणक आहे आणि मी माझ्याच चौकात उभा असतो. म्हणून कॉलेजात वापरलेला जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला आणि त्यावरून शेजारणीच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. माझा वाडा बराच वेळ नुसता करडा दिसत होता. भिंती उमटायला लागल्या तसा पंखा घरघरायला लागला आणि चित्र हिसके देत सरकू लागलं. कारणही माझंच. कोनाड्यातल्या पणतीलासुद्धा मी भिंतीइतकंच मोठं चित्र चिकटवलं होतं. १,०२४ बाय १,०२४ ठिपक्यांचं चित्र, ठिपक्याला चार बाइट धरले, तर मेमरीत ४ एमबी जागा घेतं. २५६ बाय २५६ चं त्याच्या सोळाव्या हिश्शात बसतं. त्या पणतीकडे वाकून कोणी बघणारही नव्हतं.

लॅग करणाऱ्याला तो सगळ्यात शेवटी कळतो. हे वाक्य मनात आलं आणि मला मामांचं गाव आठवलं.

मामांची शेती सटाणा तालुक्यात, मोसम नदीच्या काठी. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर, म्हणजे नाशिक-धुळ्याच्या पट्ट्यात, फड पद्धत होती, काही गावांत अजून आहे. तीनचारशे वर्षांपूर्वीची म्हणतात. नदीवर बंधारा घालायचा, त्यातून कालवा काढायचा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि सारंगातून पाणी शेतात. भिजणारी जमीन फडांत विभागलेली, बहुतेक ठिकाणी चार फड. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात हंगामी पीक, कोणता पडीक ठेवायचा, हे गाव मिळून ठरवतं. एका फडात एकच पीक.

लहानपणी सुट्टीत गेलो असताना मी मामांना विचारलं होतं, "मामा, शेत आपलं आहे, मग आपल्याला हवं ते का नाही पेरायचं?" ते म्हणाले होते, "शेत आपलं आहे रे, पाणी कुठे आपलं आहे?"

आता मला त्या पद्धतीतली दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. फडात शेतकरी आपल्या शेताला आपल्या हाताने पाणी देत नाही. ते काम पाटकऱ्याचं. तो गावाने नेमलेला, पाळीप्रमाणे प्रत्येकाचं शेत भिजवणारा. शेतकऱ्याच्या सचोटीवर कोणाचा विश्वास नव्हता, असा याचा अर्थ मी लावत नाही. आपल्या उसाची तहान आपल्याला जास्तच दिसते, एवढंच त्यात मान्य केलेलं आहे. मामांच्या जमिनीचे तुकडे तीन फडांत आहेत. एक कालव्याच्या तोंडाशी, एक पार टोकाला. म्हणजे एकाच माणसाला वरच्याची चैन आणि टोकाच्याची तगमग दोन्ही ठाऊक. मला टोक कसं असतं ते कळायला माळ्यावरचा लॅपटॉप काढावा लागला.

फडाचं गुणगान करून थांबणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं होईल. ज्याची जमीन फडात, त्याच्यासाठीच ही समता. ज्याला जमीनच नाही, त्याला पाळीही नाही. आणि गावाने ठरवलेलं पीक घेण्यात एक जाच आहेच. माझ्या प्लॉटवर काय बांधावं हे शेजाऱ्यांच्या पंचांनी ठरवलं असतं, तर कबुतरं सोडा, वाडासुद्धा उभा राहिला नसता. आभासी जमिनीची ओढच ही, की इथे कोणाला विचारावं लागत नाही.

आणखी एक आक्षेप मी स्वतःशीच घेतला. हा दोष कंपनीचा नाही का? जमीन मोजून विकायची आणि वेळ मोकळा सोडायचा, मग भांडणं शेजाऱ्यांची. आक्षेप खरा आहे. पण रचना बदलेल तेव्हा बदलेल, शनिवारची बैठक या आठवड्यात आहे. रचना चुकीची म्हणून मला तिचा फायदा घ्यायची मुभा मिळत नाही. आणि ज्याला फार त्रास होईल त्याने अख्खा चौकोन विकत घेऊन वेगळं व्हावं, हा उपाय मी मामांच्या गावी पाहिलाय. ज्यांना परवडलं त्यांनी विहिरी खोदल्या, बोअर घेतले. मग कालव्यातला गाळ काढायला माणसं कमी यायला लागली. वेगळा होणारा वाचतो, आणि मागे राहिलेल्यांचं सामायिक ते आणखी दुबळं होतं.

मी काय केलं, ते सांगतो. चाळीस स्क्रिप्ट काढून एकच ठेवली. ती दर पाच सेकंदांनी एकदा बघते आणि सगळ्या थव्याला सांगते. कबुतरं बारा केली. पणत्यांची चित्रं लहान केली. चौकातलं जातं सर्व्हरकडून फिरवून घेत होतो, ते बघणाऱ्याच्या संगणकावरच फिरेल असं केलं. सर्व्हरवरचा भार हलका झाला आणि मी खूश झालो. मग लक्षात आलं, की यातलं जात्याचं ओझं मी कमी केलेलं नाही, सरकवलं आहे. आता ते माझ्या कामाच्या जागेवरून जुना लॅपटॉप घेऊन आलेल्याच्या मांडीवर गेलं. एका जात्याचं ओझं ते काय! पण प्रत्येक जण एकेक जातं असंच सरकवतो. ऑफिसातही आम्ही हेच करतो. सर्व्हरचा खर्च वाचला म्हणून टाळ्या मिळतात, आणि स्वस्तातला फोन वापरणाऱ्याची बॅटरी उतरते, ती कोणाच्याच हिशेबात येत नाही. तेव्हापासून 'लॅग कमी केला' असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कमी केला की कोणाकडे दिला?

जातं आता बंद असतं. कोणी खुंट्याला हात लावला तरच फिरतं.

आभासी जगात पाटकरी नाही, आणि मला तो हवा आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नेमला, तर तो उद्या माझ्या वाड्याचं दारही मोजेल. नाही नेमला, तर प्रत्येकाने आपल्या उसाची तहान स्वतःच मोजायची, आणि ती आपण नीट मोजत नाही याला माझी चाळीस कबुतरं साक्षी आहेत. सध्या एवढंच करतो. महिन्यातून एकदा जुना लॅपटॉप उघडतो, शेजारणीच्या अंगणात जाऊन उभा राहतो आणि तिथून माझ्या घराकडे बघतो.

बाबांना नवा थवा दाखवला. "कमी झाली," ते म्हणाले. मी कारण सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खऱ्या वाड्यात कबुतरांचा त्रास खालच्या भाडेकरूंना व्हायचा. आम्ही वर राहायचो, आम्हाला काय कळणार!"