हे पाप कुणाचे?



संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात, की पाप कुणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? प्रभू येशू दोघांनाही दोष देत नाही. पण तो प्रश्न आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. बाळ वाकड्या पावलांनी जन्माला आले किंवा त्याच्या पाठीच्या कण्यात व्यंग निघाले, की कुजबूज सुरू होते. ग्रहणात हिने काही चिरले असेल, कुणाची नजर लागली असेल. हे सारे ऐकावे लागते ते ओल्या बाळंतिणीला, आधाराची सर्वांत जास्त गरज असताना.

इटलीत १२८७ साली एका सरदार घराण्यात मार्गारेट नावाची मुलगी जन्मली. ती अंध होती, ठेंगणी होती, तिचा कणा वाकडा होता. आईबापांनी लाजेपायी तिला वर्षानुवर्षे कोंडून ठेवले. पुढे चमत्काराच्या आशेने चित्ता दि कास्तेल्लो ह्या गावी नेले आणि चमत्कार झाला नाही म्हणून तिला तेथेच टाकून ते परतले. गावातल्या गोरगरिबांनी तिला घरात घेतले. तिने आजाऱ्यांची आणि कैद्यांची सेवा केली आणि १३२० साली देह ठेवला. २०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी तिला संत म्हणून घोषित केले. तिचा कणा शेवटपर्यंत सरळ झाला नाही, पण देवाच्या दृष्टीने तिच्यात काहीही उणे नव्हते.

त्या काळी औषध नव्हते. आज आहे. दर हजार बाळांमागे साधारण एकाचे पाऊल जन्मतः आत वळलेले असते. डॉ. पोन्सेटी ह्यांच्या पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करतात. बहुधा पाच-सहा प्लास्टर पुरतात. पुष्कळदा टाचेची शीर सैल करण्यासाठी एक छोटा छेद द्यावा लागतो. त्यानंतर दांडीने जोडलेले खास बूट तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालायचे. आजी-आजोबांनो, बाळ रडते म्हणून माया येऊन ते बूट काढून ठेवू नका. पाऊल पुन्हा वळते. नोव्हेना जरूर करा, पण प्लास्टरची तारीख चुकवू नका. डॉक्टरांचे हातही देवानेच दिलेले आहेत.

कण्याची गोष्ट वेगळी. गर्भधारणेनंतर पहिल्या २८ दिवसांतच मज्जारज्जूची नळी मिटते. पुष्कळदा तोवर आईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून बाळाचा विचार करतानाच फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करावी. त्याने असे व्यंग होण्याचा धोका बराच कमी होतो. आधीच्या बाळाला असे व्यंग असेल तर मात्रा जास्त लागते, ती डॉक्टरांनाच विचारावी. लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींनी हे आताच ध्यानात ठेवावे. आणि गोळी घेऊनही व्यंग राहिलेच, तर त्यातही आईचा दोष नाही.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अशा व्यंगांची तपासणी व उपचार विनामूल्य होतात. आपल्या शेजारच्या घरात असे बाळ असेल, तर ही माहिती तेथे पोहोचवा. आईबरोबर इस्पितळात जा, तिची रोजी बुडत असेल तर हातभार लावा.

प्रेषितांच्या कृत्यांत, जन्मतः पांगळ्या माणसाला पेत्राने उजवा हात धरून उठवले. सगळीच मुले चालू लागतील असे नाही. काहींना चाकांची खुर्ची लागेल. त्यांना मिस्साला आणा, पुढच्या बाकाजवळ जागा द्या. संत मार्गारेटसारखे कुणीही आपल्या धर्मग्रामात दाराआड राहू नये.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.