तणाचा दोष कोणता?

कडेगावचा भाग पूर्वापार दुष्काळी. ताकारी आणि टेंभू या योजनांनी कृष्णामाईचे पाणी उचलून वर आणले आणि ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. पाण्याने मात्र पीक आणि तण असा भेद केला नाही. पाटाच्या कडेला आणि बांधावर गाजर गवतही तितक्याच जोमाने वाढले.

तण पिकाचे पाणी पिते, खत खाते, ऊन अडवते, हे भांगलण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण काही तणांची आणखी एक रीत आहे. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्यात पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते. पावसाने पाने धुतली जातात, गळलेला पाला कुजतो, मुळांतूनही काही पाझरते आणि ते द्रव्य मातीत उतरते. मग शेजारच्या बियांची उगवण मंदावते, कोवळी मुळे खुरटतात. तुकोबांनी ज्याला नम्रतेचा दाखला म्हणून मान दिला, त्या लव्हाळ्याचेही शेतात तसेच आहे. हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये या प्रकाराला ‘ॲलेलोपॅथी’ असे नाव दिले.

आता प्रश्न असा, की यात तणाचा अपराध कोणता? त्याच्या मनात द्वेष नाही, कारण त्याला मनच नाही. तण हे नावही आपणच दिलेले. गणपतीला वाहतो ती दुर्वा म्हणजे हरळीच; उसाच्या सरीत आली की तीच तण ठरते. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. तो भाजीत असेल तर तणातही मानावा लागेल. तरीही त्यांच्या मळ्यात खुरपणी होतच असणार. दोष नसणे आणि अपाय नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपली अडचण नेमकी इथेच आहे. “मी कधी कुणाचे वाईट चिंतले नाही,” असे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो आणि हिशेब पुरा झाला असे धरून चालतो. पण एवढे तर गाजर गवतही म्हणू शकेल! घरातला कर्ता पुरुष निर्मळ असतो, त्याचा हरिपाठ चुकत नाही. पण घरात शेवटचा शब्द नेहमी त्याचाच. मुलगा चाळिशीला आला तरी म्हैस ठेवायची की विकायची, हे त्याला ठरवता येत नाही. सासू सुनेला कधी अपशब्द बोलत नाही, फक्त तिच्या प्रत्येक कामानंतर एक सुस्कारा टाकते. भजनातला जुना टाळकरी नव्या पोराने चाल धरली की नुसती मान हलवतो, आणि ते पोर पुढच्या एकादशीला येत नाही. कुणी कुणावर घाव घातलेला नसतो. रोज थोडेथोडे पाझरत असते.

हे दुर्जनांपुरतेच आहे असे म्हणूनही सुटका नाही. आपल्या भाकरीची ज्वारी घ्या. तिच्या मुळांवरच्या बारीक केसांतून सॉर्गोलिओन नावाचे तेलकट द्रव्य बाहेर पडते आणि आसपासच्या रोपांची वाढ रोखते. जी आपल्याला पोसते, तिच्याही मुळाशी हे आहेच.

झाडात आणि माणसात फरक एवढाच, की झाडाला हे कळत नाही, माणसाला कळू शकते. नकळत झालेल्या अपायाचे पाप लागते की नाही, याचा वाद पंडितांनी करावा. कळल्यानंतर मात्र ‘माझा हेतू चांगला होता’ हे उत्तर पुरत नाही. आणि ते कळण्यासाठी नजर स्वतःवरून काढून शेजाऱ्यावर ठेवावी लागते. गाजर गवत स्वतः हिरवेगार, पांढऱ्या फुलांनी डवरलेले असते. त्याचा परिणाम शेजारच्या पिवळ्या रोपावर दिसतो. तसे आपल्या सहवासात कोण वाढले, कोण गप्प होत गेले, हे पाहावे. एवढ्यासाठी स्वतःचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. लव्हाळा रागाने ओढला तर पाती हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. पुन्हा फुटते. गाठीपर्यंत पोचायचे तर खाली बसून, सावकाश खणावे लागते.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. यंदा दिंडीला निघताना रानाचा सगळा कारभार मुलाच्या हाती द्यावा आणि पंढरपूरला पोचेपर्यंत त्याबद्दल एकही फोन करू नये.