दहाव्या भागापलीकडचा हिशेब

दशमांश म्हटला की ख्रिस्ती घरात पगाराच्या दिवशी बाजूला काढलेलं पाकीट आठवतं. मंडळीच्या वहीत त्याची नोंद होते, पावती मिळते आणि उरलेले नव्वद टक्के आपले, हे मनात आपोआप पक्कं होतं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात दशमांशाचं रूप बरंच निराळं आहे. शेतकऱ्याने धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा दहावा भाग पवित्र स्थानी न्यायचा आणि तिथे घरच्या माणसांसह आनंदाने जेवायचं. वाट लांबची असेल तर तो माल विकायचा, पैसे बरोबर घ्यायचे आणि पोचल्यावर मनाला येईल ते खरेदी करायचं. दर तिसऱ्या वर्षी हाच भाग गावातच साठवायचा. त्यावर उपासनेची सेवा करणारे लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवायचं.

शेताचाही असाच नियम होता. कापणी करताना कडेचं पीक सोडायचं, खाली पडलेली कणसं पुन्हा वेचायची नाहीत. ती गरिबांची. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते ती याच नियमाच्या आधारे. म्हणजे धान्य घरात येण्याआधीच त्यातलं काही दुसऱ्याचं ठरलेलं होतं.

ख्रिस्ती कुटुंबाने पैसा कसा वापरावा याचा विचार दोन हजार वर्षं दोन प्रश्नांभोवती फिरत आला आहे. देवाचा वाटा किती, हा पहिला. आपल्याला पुरेसं किती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर टक्क्यांत देता येतं, म्हणून तो लोकप्रिय झाला. घराचं अंदाजपत्रक खऱ्या अर्थाने बदलतं ते दुसऱ्या प्रश्नाने, आणि तोच पुन्हा पुन्हा विसरला गेला.

येशूने दशमांश मोडीत काढला नाही. पण पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दहावा भाग काटेकोरपणे देऊन न्याय आणि दया यांना फाटा देणाऱ्यांवर त्याने कडक टीका केली. लूकच्या शुभवर्तमानातल्या एका दाखल्यात भरघोस पीक आलेला श्रीमंत शेतकरी जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो. पिकात गैर काहीच नव्हतं. उत्पन्न वाढलं की साठवणही वाढवायची, यापलीकडे त्याला काही सुचलं नाही आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. दुसरीकडे मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचं मोठेपण येशू सांगतो ते तिच्याजवळ मागे किती उरलं यावरून. तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

मार्कच्या शुभवर्तमानातला ‘कुर्बान’चा प्रसंग तर आजच्या प्रत्येक घराने वाचावा असा आहे. माझा पैसा देवाला अर्पण केला आहे, असं जाहीर करून म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारी टाळायची सोय काहींनी शोधली होती. येशूने ती सरळ खोटी ठरवली. धर्मकार्याच्या नावाखाली घरच्यांचं देणं बुडवता येणार नाही, ही ख्रिस्ती अंदाजपत्रकाची एक जुनी अट आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी वर्गणी काढायला सांगितलं तेव्हा रीत अगदी घरगुती होती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. टक्केवारी त्याने सांगितली नाही. उलट, दुसऱ्यांना आराम आणि तुमची ओढाताण असं होऊ नये, दोन्हीकडे समतोल असावा, असं त्याने पुढच्या पत्रात बजावलं. इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजचा तेर्तुलियन लिहितो की ख्रिस्ती लोकांची एक सामायिक पेटी असते. महिन्यातून एकदा, इच्छा आणि ऐपत असेल तो त्यात भर घालतो. त्यातून गरिबांना जेवण, बेवारसांना मूठमाती, अनाथ मुलं, थकलेले गुलाम आणि जहाज फुटून उघड्यावर आलेले लोक यांची सोय होई.

चौथ्या शतकात हा विचार घराच्या चार भिंतींत शिरला. अंत्युखियाचा प्रभावी वक्ता योहान ख्रिसोस्तोम आपल्या श्रोत्यांना सांगत असे की घरात गरिबांसाठी एक लहान पेटी ठेवा, आणि ती तुम्ही प्रार्थनेला उभे राहता त्याच जागी ठेवा. आधी पेटीत काही टाकायचं, मग प्रार्थना. त्याच काळातला कैसरियाचा बासिल याहून रोखठोक होता. पेटाऱ्यात वापराविना पडलेला अंगरखा ज्याच्या अंगावर कपडा नाही त्याचा आहे, असं तो मानत असे. या दोघांच्या बोलण्यात दान हा उपकार राहत नाही. गरजेपलीकडचं घरात अडवून ठेवणं, हा त्यांच्या मते दुसऱ्याच्या मालावरचा कब्जा होता.

पुढे दशमांशाला कायद्याचा हात लागला. ५८५ साली फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मसभेने तो न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढण्याची तंबी दिली आणि आठव्या शतकात शार्लमेनच्या राज्यात ती सक्तीची वसुली झाली. शेतकऱ्याच्या घरी तो कर म्हणूनच ओळखला जाऊ लागला. पुरेसं किती, हा प्रश्न मठांतल्या साधूंकडे गेला आणि संसारी माणसाला दहावा भाग भरून मोकळं होण्याची मुभा मिळाली.

हा प्रश्न पुन्हा संसारात आणला तो अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने. ऑक्सफर्डमधल्या एका कडाक्याच्या हिवाळ्यात त्याच्या मंडळाच्या खर्चाने शाळेत शिकणारी एक मुलगी त्याला भेटायला आली. अंगात पातळ लिननचा झगा, दुसरं काही नाही. त्याने खिशात हात घातला तर पैसे जवळपास संपलेले. भिंतीवरच्या चित्रांकडे पाहून त्याला जाणवलं की हिच्या अंगावरची ऊब आपण या भिंतींवर टांगली आहे.

उतारवयातल्या एका प्रवचनात वेस्ली ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा जमाखर्च मांडतो. तो तरुण स्वतः वेस्लीच, असं चरित्रकार मानतात. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड. त्याने २८ पौंडांत भागवलं आणि २ दिले. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० झाली. खर्च २८, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९०. खर्च तेवढाच, दान ६२. चौथ्या वर्षी १२० पैकी ९२ पौंड गरिबांकडे गेले. दहा टक्क्यांचा हिशेब इथे मागे पडतो. मिळकत चौपट झाली तरी खर्चाची वरची रेघ जागची हलली नाही.

१७६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पैशाच्या वापरावरच्या प्रवचनात त्याने मिळवणं, वाचवणं आणि देणं अशा तीन पायऱ्या घालून दिल्या. मिळवताना स्वतःची तब्येत बिघडू नये, शेजाऱ्याचं नुकसान होऊ नये. खर्चाचा क्रमही ठरवला: आधी स्वतःच्या आणि कुटुंबाच्या अन्नवस्त्राची गरज, मग श्रद्धावंत बांधव, मग सगळी माणसं. मात्र १७८६ साली मेथडिस्ट चळवळीकडे पाहताना तो चिंतेत होता. श्रद्धेने माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो, त्यातून संपत्ती येते आणि संपत्ती आली की श्रद्धा पातळ होते. पहिल्या दोन पायऱ्या लोक चढत होते. तिसरीवर पाय अडखळत होता. पुढे माक्स वेबरने प्रोटेस्टंट वृत्ती आणि भांडवलशाहीच्या नात्याचा विचार करताना वेस्लीच्या याच निरीक्षणाचा आधार घेतला.

पण ज्याच्या हातात पुरेसं पडतच नाही त्याने रेघ कुठे मारायची? एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांनी हा प्रश्न समोर आणला. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रकात म्हटलं की साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचा चरितार्थ चालेल इतकी मजुरी हा न्यायाचा भाग आहे, आणि बायकामुलांना सांभाळून थोडी शिल्लक पडावी हेही योग्य आहे. अंथरूण पाहून पाय पसरा, असं गरिबाला सांगण्याआधी त्याचं अंथरूण कोणी आखूड केलं हे विचारणं भाग झालं. जर्मनीत फ्रीडरिश राइफायझेन या श्रद्धाळू महापौराने १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला सावकारी पाशातून सोडवणारी पतसंस्था उभी केली. तिचा नमुना भारतातल्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापर्यंत पोचला. वसईत १९१८ साली सुरू झालेली बॅसीन कॅथॉलिक पतपेढी, म्हणजे आजची सहकारी बँक, याच वाटेवरची. शेतकरी ख्रिस्ती कुटुंबाला रास्त व्याजात कर्ज मिळणं हा इथे धर्माचरणाचा भाग झाला.

देण्याचा निर्णय घरात कोण घेतं, हेही पाहायला हवं. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना ठाऊक आहे. टिळकांचं देणं निर्मळ होतं. पण त्यानंतर चूल कशी पेटवायची ही विवंचना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली तेव्हाही पगार बंद झाल्याची झळ आधी घराला लागणार होती. मिझोरममध्ये चित्र उलटं आहे. तिथे १९१० पासून ख्रिस्ती स्त्रिया ‘बुहफाइ थाम’ पाळतात. जेवण रांधायच्या आधी घरातली बाई मापलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते. गोळा झालेला तांदूळ विकून मंडळीचं काम चालतं. भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड ऐकून असलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. इथे देणारा हात आणि रांधणारा हात एकच आहे, त्यामुळे किती झेपेल हे त्या हाताला नेमकं कळतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ख्रिस्ती अर्थनियोजनाची मोठी लाट आली. लॅरी बर्केट यांनी १९७६ मध्ये त्यासाठी संस्था काढली. पुढे डेव्ह रॅम्झी यांनी किराणा, पेट्रोल, कपडे अशी रोख रकमेची वेगवेगळी पाकिटं करायला आणि सर्वांत लहान कर्ज आधी फेडायला शिकवलं. क्रेडिट कार्डाखाली दबलेल्या कुटुंबांना या शिस्तीचा आधार झाला. मात्र कर्ज फिटल्यावर खर्च कुठे थांबवायचा, याचं उत्तर पाकिटांत सापडत नाही. त्याच देशात समृद्धीचा संदेश देणारे उपदेशक अर्पणाला बियाणं म्हणू लागले. पेराल तर कैक पटींनी मिळेल, हे आमिष गरिबाच्या दोन टोल्यांनाही लावलं गेलं.

याच काळात, १९७७ साली, रोनाल्ड सायडर यांनी भुकेल्या जगातल्या श्रीमंत ख्रिस्ती लोकांवर पुस्तक लिहिलं आणि चढता दशमांश सुचवला. कुटुंबाने आधी आपल्या गरजेची रक्कम ठरवायची. तेवढ्या रकमेवर दहा टक्के, आणि वरच्या प्रत्येक हजार डॉलरवर आणखी पाच-पाच टक्के वाढवत जायचे. वेस्लीची रेघ इथे पत्नी, मुलं आणि घरभाडं असलेल्या माणसाला पेलेल अशी झाली.

पुण्यातल्या किंवा वसईतल्या एखाद्या जोडप्याला हे आज सहज करता येईल. विवाहपूर्व शिबिरात दोघांनी मिळून कागदावर वर्षाच्या गरजेचा आकडा लिहावा: किराणा, घराचा हप्ता, मुलांची फी, दोन्हीकडच्या आईवडिलांची औषधं, अडीअडचणीची शिल्लक. दरवर्षी महागाईप्रमाणे तो सुधारावा, पण पगारवाढीमुळे वाढवू नये. वरचं कुठे जाईल हे दोघांनी ठरवावं. आणि ज्या कुटुंबाची मिळकत त्या आकड्याखाली आहे, त्याच्या दशमांशाची थकबाकी मोजत बसण्याऐवजी मंडळीने पौलाचा समतोल आणि अनुवादातलं तिसरं वर्ष आठवून आपल्या पेटीतून त्या घराची शाळेची फी भरावी.