समकालीन युद्धाचा अभ्यास

दूरदेशी चाललेल्या युद्धावर महाविद्यालयीन विद्यार्थ्याने निबंध लिहावयास घेतला की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो संदर्भग्रंथांचा नव्हे, नीतीचा. ज्या मृतांची गणनाही पुरी झालेली नाही, त्यांच्याविषयी ठाम विधान कशाच्या आधारे करावे? आणि ते करावयाचे नाही, तर लिहावे तरी काय?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केले. १६ मार्च रोजी मारियुपोल नगरीचे नाट्यगृह उद्ध्वस्त झाले. आत शेकडो नागरिक आश्रयास होते. बाहेर जमिनीवर 'मुले' हा शब्द रशियन भाषेत प्रचंड अक्षरांत लिहिलेला होता. उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रांतही तो वाचता येत होता. मृत किती? नगरपालिकेने सुमारे ३०० सांगितले. मे महिन्यात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ६०० च्या आसपास असा अंदाज दिला. जूनमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने लिहिले की किमान बारा, आणि बहुधा त्याहून पुष्कळ अधिक. रशियाने तर बॉम्ब टाकल्याचेच नाकारले आणि दोष युक्रेनच्या अझोव्ह पथकावर ठेवला.

येथे तरुण अभ्यासकाला दोन मोह पडतात. संतापाच्या भरात तो सर्वांत मोठा आकडा उचलतो. नाहीतर 'दोन्ही पक्ष खोटेच बोलतात' असे म्हणून हात झटकतो. आमच्या मते दुसरा मोह अधिक घातक, कारण तो समतोल बुद्धीचा वेष घेऊन येतो. सरकारी सेवेत केस पिकलेल्या आमच्या वाचकांस तो अपरिचित नसावा: 'प्रकरण विचाराधीन' असा शेरा मारून फाईल पुढे सरकविण्याचाच हा प्रकार.

संशयवादी येथे टोंकिनच्या आखाताचा दाखला देईल, आणि तो दाखला हलका नाही. ४ ऑगस्ट १९६४ रोजी आपल्या युद्धनौकांवर दुसऱ्यांदा हल्ला झाला, असे अमेरिकी सरकारने जाहीर केले. तीनच दिवसांत प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ०, तर सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी अध्यक्षांस युद्धाची मोकळीक दिली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे त्यांच्याच सरकारी कागदपत्रांनी दाखविले. त्या आठवड्यात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती सरकारी निवेदनापलीकडे फारसे काय असणार?

पण हा दाखला संशयवाद्याला वाटतो तितका त्याच्या उपयोगी पडत नाही. टोंकिनमध्ये घटनाच खोटी होती. मारियुपोलमध्ये वाद आहे तो मुख्यतः संख्येचा. शिवाय ते तीन आकडे एकाच प्रश्नाची उत्तरेही नव्हेत. बारा ही निश्चितपणे सांगता येण्याजोगी किमान संख्या. सहाशे हा वाचलेल्यांच्या साक्षी इमारतीच्या नकाशाशी ताडून काढलेला अंदाज. त्यांची सरासरी काढणे हा गणिताचाही अपमान होय. विद्यार्थ्याने तिन्ही आकडे द्यावेत, प्रत्येकापुढे कोणी व कसे मोजले ते लिहावे, आणि मग नाट्यगृहात आश्रितांना मारले गेले हे वाक्य कोणतेही 'कदाचित' न जोडता लिहावे.

नेमकी संख्या मिळण्याची आशा मात्र त्याने फारशी धरू नये. मे २०२२ पर्यंत शहर रशियाच्या पूर्ण ताब्यात गेले, आणि त्याच डिसेंबरात नाट्यगृहाचा बराचसा उरलेला भाग पाडण्यात आला.