नव्याण्णव मेंढ्या आणि एक

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर हजरत दाऊद (अ.) यांचे नाव केवळ मशिदीतच आदराने घेतले जाते असे नाही. ज्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले असे सांगतात, ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या वाडवडिलांचे शेजारी ‘शनिवार तेली’, हेही त्यांना थोर राजा मानत आले आहेत. आपल्यासाठी ते राजाही आहेत आणि जबूर प्राप्त झालेले प्रेषितही. अशा महापुरुषाची क्षमायाचना पवित्र कुरआनने का जतन करून ठेवली असेल?

सूरह साद (38) मधील प्रसंग असा: दाऊद (अ.) उपासनागृहात असताना दोघे जण भिंत ओलांडून आत आले. एकाने गाऱ्हाणे मांडले की, या माझ्या भावाकडे 99 मेंढ्या आहेत, माझ्याकडे एकच; तीही तो मागतो आणि बोलण्यात मला दाबून टाकतो. दाऊद (अ.) यांनी ही मागणी अन्यायाची ठरवली. तोच त्यांना उमगले की, ही आपलीच परीक्षा होती. त्यांनी तत्काळ क्षमा मागितली आणि ते नतमस्तक झाले. प्रेषित घोर पापांपासून सुरक्षित असतात. दुसरी बाजू न ऐकता निर्णय दिला, एवढीच ती चूक होती, असे काही भाष्यकार म्हणतात. तरीही त्यांनी विलंब केला नाही, सबब सांगितली नाही. अल्लाहने त्यांना क्षमा केली आणि सत्याने न्याय करण्याची आज्ञा दिली.

त्यांचे सुपुत्र हजरत सुलैमान (अ.) यांनीही आधी क्षमा मागितली, मगच राज्य मागितले. आपल्या दुआंमध्ये हा क्रम असतो का?

कोकणातील बहुतेक मुस्लिम शाफई मसलकाचे आहेत. या मसलकात सूरह सादचा सजदा कृतज्ञतेचा मानला जातो, कारण दाऊद (अ.) यांची तौबा स्वीकारली गेली. म्हणजे तो सजदा करणारा एका राजाच्या क्षमेबद्दल आभार मानत असतो. मग स्वतःच्या तौबेचे काय?

आज या किनाऱ्यावर जमिनीचे भाव वाढले आहेत. नारळी-पोफळीच्या वाडीतला बहिणीचा वाटा, जो अल्लाहने सूरह निसामध्ये ठरवून दिला, तो कधी गोड बोलून, कधी माहेर तुटण्याची भीती दाखवून हक्कसोडपत्रावर सही घेऊन काढून घेतला जातो. ती वाडी म्हणजेच ती एक मेंढी होय.

पाप सोडणे, त्याची खंत वाटणे आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या तौबेच्या तीन अटी आहेत. माणसाचा हक्क बुडवला असेल, तर तो परत करणे ही चौथी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खरा दिवाळखोर त्याला म्हटले, जो नमाज-रोजे घेऊन येईल, पण ज्यांच्यावर त्याने अन्याय केला त्यांना आपली पुण्ये देता देता रिता होईल.

म्हणून या रमजानची वाट पाहू नका. बहिणीच्या दारी जा, हिशेब मांडा, तिचे तिला द्या. मग सजद्यात जा.

अल्लाह आपणा सर्वांना दाऊद (अ.) यांच्यासारखे वळणारे हृदय देवो. आमीन.