पावलांत आणि घोट्यांत बळ



प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस आपल्याला भेटतो. लोक त्याला रोज उचलून आणीत आणि मंदिराच्या दाराशी ठेवीत. पेत्राने त्याचा उजवा हात धरून त्याला उठविले, तेव्हा त्याच्या पावलांत आणि घोट्यांत बळ आले. घोट्यांचा हा उल्लेख संत लूक आवर्जून करतो. तो वैद्य होता ना!

आपल्या धर्मग्रामातील एका भगिनीच्या घोट्यातील कूर्चेची शस्त्रक्रिया झाली. तिला भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "तो माणूस लगेच उड्या मारू लागला. मला तीन महिने झाले, अजून नीट चालता येत नाही. माझा विश्वास कमी पडतो का?" ह्या प्रश्नाने आम्ही गप्प झालो.

विश्वास कमी पडत नाही. परमेश्वराने कूर्चा घडविली आहेच तशी. हाडांच्या टोकांवरच्या ह्या गुळगुळीत अस्तरात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची जखम सहजासहजी भरत नाही. काही शस्त्रक्रियांत डॉक्टर खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. तेथून रक्त येते, त्याची गुठळी होते आणि हळूहळू नवे अस्तर तयार होते. ते मूळच्याइतके चिवट नसते. त्यावर घाईने भार टाकला तर ते बिघडते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे कुबड्या. पण पाय नुसता ठेवूनही चालत नाही. सांध्यातल्या द्रवातून कूर्चेला अन्न मिळते आणि ते हालचालीनेच आत पोचते. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हापासून पाय हलवायचा. ही भगिनी खाटेवर बसून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवते. नातवाला त्याची फार मौज वाटते!

आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा गोलंदाज झहीर खान आठवा. २०११ च्या जुलैत लॉर्ड्‌सच्या कसोटीत त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. पुढे उजव्या घोट्यावर शस्त्रक्रियाही झाली. त्याच वर्षी डिसेंबरअखेर मेलबर्नच्या कसोटीत तो पुन्हा गोलंदाजी करीत होता. पगारी फिजिओ आणि दिवसभराचा सराव असलेल्या तरुण खेळाडूलाही काही महिने लागले. मग धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणीला "अजून बरी झाली नाहीस का?" असे विचारताना आपण जरा थांबायला हवे.

खरी अडचण पायापेक्षा लाजेची आहे, असे आम्हाला दिसले. गुडघे टेकताना घोटा पूर्ण ताणला जातो, ते तिला जमत नाही. सगळे गुडघ्यांवर असताना आपण एकटेच बसलेले लोकांना दिसू, म्हणून ती रविवारच्या मिस्साला येत नाही. प्रकृतीमुळे गुडघे टेकता येत नसतील तर बसून राहण्याची मोकळीक ख्रिस्तसभेने दिलेली आहे. त्यात काही उणे नाही. ख्रिस्तप्रसाद बाकापर्यंत आणून देता येतो. आधी फक्त सांगून ठेवावे.

त्या पांगळ्या माणसाची गोष्ट वाचताना आपण बहुधा उड्यांवरच थांबतो. पुढे अकराव्या ओवीत लूक सांगतो, की तो बरा झालेला माणूस पेत्र आणि योहानाला धरून होता. उड्या मारून झाल्या, तरी त्याने हात सोडले नव्हते.

सप्टेंबरात हरेगावला मतमाऊलीची यात्रा असते. ही भगिनी पूर्वी हौसेने पायी जायची. ह्या वर्षी तिने गाडीने यावे, असे आम्ही तिला सुचविले. आधी ती नको म्हणाली, मग म्हणाली, "उतरल्यावर मंदिरापर्यंत कुणाचा तरी हात लागेल." ज्यांना तिच्यासोबत चालता येईल, त्यांनी मिस्सानंतर भेटावे. चालण्याची गती ती ठरवील.