झुकलेली मान

जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे १९२९ पासून तयार होऊ लागलेला रोलायफ्लेक्स हा दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून वापरावा लागतो. १२० क्रमांकाच्या रोलवर १२च कृष्णधवल छायाचित्रे निघतात. साहजिकच घाई परवडत नाही. समोरच्या माणसापुढे असे झुकणे म्हणजे आदरच, अशी आमची समजूत होती. विचारान्ती मात्र ध्यानी आले, की छायाचित्रकाराची नजर खाली असल्याने आपली छबी टिपली जात आहे, याचा त्या माणसाला सुगावाही लागत नाही. एकाच झुकण्यात नम्रता आणि चोरी दोन्ही सामावतात! मग नीती यंत्रात कशी शोधावी? जुने यंत्र आपल्याला क्षणभर थांबवते, एवढेच. त्या क्षणी अनुमती घ्यावी की गुपचूप कळ दाबावी, हा निर्णय आपल्या सदसद्विवेकबुद्धीवरच सोपवलेला असतो.